आजी-आजोबांचा तटस्थ देश

"काठीवर दोन रेघा दिसल्या की आधी किटात नाव घाल, मग नवऱ्याला सांग," असं विभावरीने बजावलं होतं, तेव्हा सुकन्या हसली होती. किटा म्हणजे पाळणाघर. विभावरी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. स्टुटगार्टच्या परिसरात तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती आणि दोन मुलं त्या यंत्रणेतून सुखरूप पार पाडली होती. तरी सुकन्येला वाटलं, ही जरा अतीच करते. जे बाळ अजून पोटातही नीट दिसत नाही, त्याचं नाव पाळणाघरात?

शिवाय सासूबाईंचा पुण्याहून स्पष्ट आदेश होता: तीन महिने कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. 'कुणाला' या शब्दात जर्मन नगरपालिका मोडते का, हे सुकन्येने विचारून घेतलं नाही. ऐकणारी सून होती. तिने तीन महिने नगरपालिकेपासून बातमी लपवली. पुढे बाळ हातात येईपर्यंत घरात काही आणायचं नाही म्हणून झबलंसुद्धा आणलं नाही, तिथे पाळणाघर कुठून आणणार?

यथावकाश ओवी झाली. तिला दोन दात आले तेव्हा सुकन्या किटाच्या प्रमुख फ्राउ बॉयर्ले, म्हणजे बॉयर्लेबाई, यांच्यासमोर जाऊन बसली. यादी लांब होती. ओवीच्या पुढे जी मुलं होती त्यांतली काही अजून जन्मायची होती. त्यांच्या नावाच्या जागी नुसती फुली होती, पण क्रमांक पक्का होता. ओवीला नाव होतं, दात होते, क्रमांक नव्हता.

"पण कायद्याने एक वर्षानंतर हक्क आहे ना?" सुकन्येने विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ बॉयर्लेंचा चेहरा उजळला. आपल्या देशाचा कायदा परक्या बाईला ठाऊक आहे याचं त्यांना कौतुक वाटलं. "प्रत्येक मुलाला जागेचा हक्क आहे."

"मग?"

"मग काय? हक्क तुम्हाला आहेच. जागा नाही."

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की सुकन्या 'डांके', धन्यवाद, म्हणून बाहेर आली आणि ट्राम यायच्या आत तिने रडून घेतलं.

सुकन्येचा स्वभाव आधीच काळजीचा. ओवी शिंकली तर ती इंटरनेटवर शिंकेची कारणं वाचायला घ्यायची आणि तिसऱ्या कारणापाशी तिचाच श्वास अडकायचा. आता तिची बाळासाठी आई-बापांना मिळणारी लांब रजा, म्हणजे एल्टर्नत्साइट, संपत आली होती. ऑफिसात तिच्या खुर्चीवर बसलेली बदली मुलगी हुशार निघाल्याची बातमी आली होती. वेळेवर हजर झालो नाही तर खुर्ची गेली, हे कुणी म्हणालं नव्हतं, पण कुणी नाहीही म्हणालं नव्हतं. नवरा गौरांग गेर्लिंगेनच्या एका मोठ्या कंपनीत गाडीच्या वायपरचा आवाज कमी करणाऱ्या विभागात होता. घरातला आवाज वाढला की तो व्यावसायिक शांतता पाळायचा.

"आईंना बोलावू या?" सुकन्या म्हणाली. सुकन्येची स्वतःची आई स्नेहलता भावाकडे न्यू जर्सीला होती आणि तिथून ती पुढच्या वर्षापर्यंत सुटणार नव्हती. म्हणजे 'आई' या शब्दाचा अर्थ आता सासूबाई एवढाच उरला होता.

"बोलावू. पण कामाला बोलावलं असं वाटायला नको."

"छे! युरोप बघायला बोलावू."

त्याप्रमाणे श्रीधरराव आणि मनोरमाबाईंना युरोपदर्शनाचं निमंत्रण गेलं. आई-वडिलांचा सगळा खर्च मी उचलीन, अशी हमी मुलाने सरकारी कचेरीत जाऊन सहीनिशी द्यावी लागते, ही जर्मन पद्धत ऐकून श्रीधरराव प्रभावित झाले. ते वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. "आपल्याकडे हे सगळं तोंडीच चालतं, म्हणून गोंधळ होतो," असं ते म्हणाले आणि स्वेटर घेऊन विमानात बसले.

युरोप त्यांनी मन लावून पाहिला. घराखालच्या बागेतल्या वाळूच्या हौदापासून तो सुरू होत असे आणि घसरगुंडीपाशी संपत असे. पाऊस असला तर खिडकीतून पाहत. आयफेल टॉवर राहिला, पण पिवळ्या पिशवीत कोणता कचरा जातो आणि निळ्या डब्यात कोणता, हे श्रीधरराव शेजारच्या जर्मनांना समजावू लागले. सँडलमध्ये पायमोजे घालायलाही ते तिथेच शिकले. मनोरमाबाईंनी पुण्याला बहिणीला फोनवर सांगितलं, "शोभना, युरोपात वाळू बरीच आहे बाई."

ओवी आजीच्या कडेवरून उतरेना. सुकन्या ऑफिसात जाऊन खुर्ची परत मिळवून आली. सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात तीन महिने संपले.

पाहुण्यांच्या व्हिसाचा नियम असा, की कोणत्याही सहा महिन्यांत तीन महिने आत राहता येतं. उरलेले तीन बाहेर काढायचे, मग पुन्हा आत. नियमाला भावना नसल्या तरी लय असते. ती लय गौरांगने एक्सेलमध्ये बसवली आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावली. आई-बाबा आत असतील ते रकाने हिरवे, नसतील ते लाल.

"लाल रकान्यांत आपलं आपण भागवू," गौरांग म्हणाला. "माझी दोन महिन्यांची एल्टर्नत्साइट शिल्लक आहे, वर सुट्ट्या. पण प्रश्न असा की तेव्हा आई-बाबांना कुठे ठेवायचं?"

'ठेवायचं' हे क्रियापद कुणाला खटकलं नाही. सगळे पडद्याकडे पाहत होते.

पुण्याचा फ्लॅट पुनर्विकासाला गेला होता. बिल्डरने इमारत पाडण्याचं काम वेळेत केलं होतं आणि मग विश्रांती घेतली होती. गौरांगची बहीण शमिका वाकडला राहायची. तिला जुळी होती आणि तिची बाई नुकतीच सोडून गेली होती.

"शमिकाकडे गेले, तर परत येतील?" सुकन्येने हळूच विचारलं.

गौरांगने व्यावसायिक शांतता पाळली.

"म्हणजे भारत नको," सुकन्या म्हणाली. "कुठला तरी तटस्थ देश बघ. जिथे आपलं कोणी नाही."

तटस्थ देश गौरांगला कँटीनमध्ये सापडला. त्याच्या एका सहकाऱ्याचे आई-वडील दर हिवाळ्यात कंबोडियाच्या राजधानीत जाऊन राहत. नॉम पेन्ह. ऊन भरपूर, भात भरपूर, व्हिसा वाढवून मिळतो, आणि नदीजवळची पंख्याची खोली जर्मनीतल्या गाडीच्या पार्किंगपेक्षा स्वस्त पडते. गौरांगने ही तुलना कौतुकाने घरी सांगितली. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही उष्ण हवा चांगली, हा वैद्यकीय मुद्दा सुकन्येने जोडला.

"आई, सरप्राइज! तुमची वर्ल्ड टूर!"

मनोरमाबाई ओवीला वरण-भात भरवत होत्या. "अगं, पण तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही! तेच तर! नुसता आराम!"

"आणि हिला कोण भरवणार?"

"आम्ही आहोत ना."

मनोरमाबाईंनी ओवीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. श्रीधरराव पडद्यावरच्या लाल पट्ट्याकडे बघत होते. "बदली आहे म्हणायची," ते म्हणाले. "परळी झालं, चंद्रपूर झालं, आता नॉम पेन्ह. प्रवासभत्ता आहे का रे?"

सगळे हसले. श्रीधररावही हसले, पण जरा मागून.

निघताना सुकन्येने सूचना पाठ करून घेतल्या. दुपारच्या उन्हात बाहेर पडायचं नाही. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. अनोळखी माणसाने दिलेलं खायचं नाही. रस्ता ओलांडताना एकमेकांचा हात धरायचा. रोज व्हिडिओ कॉल, त्यात दोघांचे चेहरे पूर्ण दिसले पाहिजेत.

किटात मूल नवीन आलं की पहिले काही दिवस त्याला रुळवण्याचा एक शास्त्रीय कार्यक्रम असतो, त्याला आइनगेव्योनुंग म्हणतात. त्यावरची दोन पुस्तकं सुकन्येने ओवीसाठी वाचून ठेवली होती. ती आता सासू-सासऱ्यांसाठी कामी आली. पहिल्या आठवड्यात कॉलवर मनोरमाबाईंच्या डोळ्यांत सारखा कचरा जात होता.

"रडल्या का रे त्या?" सुकन्येने फोन ठेवल्यावर विचारलं.

"थोड्या. पण तुझ्या पुस्तकात आहे ना, आपण वळून बघितलं की जास्त रडतात."

"हो, ते आहे," सुकन्या म्हणाली. त्यांनी वळून बघितलं नाही.

आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ते रुळले. पुस्तकात लिहिल्यापेक्षा जरा जास्तच. संध्याकाळी नदीकाठी मोठ्या कर्ण्यावर गाणी लावून बायका व्यायामाचा नाच करतात, त्यात पहिल्यांदा मनोरमाबाई बाकावर बसून दिसल्या, मग मागच्या रांगेत साडीत, मग मधल्या रांगेत ट्रॅकसूटमध्ये. श्रीधरराव लोखंडी गोळे फेकण्याच्या एका खेळात पडले. प्रतिस्पर्धी निवृत्त पोस्टमास्तर होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे वाद बरोबरीत सुटायचे.

"आई, बाहेरचं खात नाही ना?" सुकन्या विचारायची.

"बाहेरचं कशाला? इथे ओला नारळ आहे, केळीची पानं आहेत, तांदळाची पिठी आहे. परवा मालकीणबाईंना मोदक शिकवले. तुझ्याकडे खोबरं पाकिटातून यायचं गं, भुशासारखं."

सुकन्येला हे यश वाटलं. तिने तो एक्सेल 'मराठी मम्माज' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हृदयांचा पाऊस पडला. ब्राउनश्वाइगच्या अरुंधतीने आपले सासू-सासरे पुढच्याच आठवड्यात रवाना केले. बर्लिनच्या एकीने आई-वडील आणि सासू-सासरे एकाच खोलीत बसतील का, अशी विचारणा केली. बघता बघता नदीकाठच्या त्या गल्लीत लाल रकान्यातले बरेच आजी-आजोबा जमले, आणि चार मराठी माणसं एकत्र आल्यावर जे होतं ते झालं. मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष श्रीधरराव. विरोधी गटही लगेच निघाला, म्हणजे मंडळ निरोगी होतं.

इकडे गौरांगची रजा संपली. ओवीला दिवसभर सांभाळून त्याचं वजन कमी झालं होतं आणि वायपरचा आवाज त्याला संगीतासारखा वाटू लागला होता. हिरवा रकाना जवळ आला. त्याने तिकिटं बघून ठेवली आणि सुकन्येने फोन लावला.

"बाबा, तुमचा स्लॉट सुरू होतोय पुढच्या आठवड्यात."

"नोंद घेतली," श्रीधरराव म्हणाले. त्यांच्या मागे पंखा फिरत होता आणि भिंतीवर मंडळाचा फलक होता.

"म्हणजे निघताय ना?"

"आल्झो," श्रीधरराव म्हणाले. 'तर मग' अशा अर्थाचा एवढा एक शब्द त्यांनी जर्मनीतून जपून नेला होता. "त्याचं असं आहे सुकन्या, शमिकाचा अर्ज तुझ्या आधीचा आहे. आम्ही इथे पोचलो त्याच आठवड्यात तिने विचारून ठेवलं. तू तीन महिने थांबलीस."

"पण बाबा, ठरलं होतं! ओवीचा तुमच्यावर हक्क आहे!"

"अगदी. हक्क आहेच." श्रीधरराव फार मायेने म्हणाले. "जागा नाही."

सुकन्येला आपण कुठे बसलोय हे क्षणभर कळेना. समोर फ्राउ बॉयर्ले ट्रॅकसूट घालून बसल्याचा भास झाला.

"शिवाय तुझ्या अर्जात कारण लिहायचं राहिलंय," ते पुढे म्हणाले.

"कारण माहितीय की तुम्हाला. ओवीला सांभाळायला."

"ते तुमचं कारण झालं. आम्ही कशाला यायचं, ते लिही."

मागून मनोरमाबाईंचा आवाज आला, "अहो, पुरे झाली तुमची कचेरी. द्या इकडे. सुकन्या, ओवी काय खाते गं आता? चालते का?"

"चालते आई. पळते. त्यामुळेच तर माणूस लागतं."

मनोरमाबाई म्हणाल्या, "बरं. बघते हं. हे म्हणतात ते मनावर घेऊ नकोस."

सुकन्येने मनावर घेतलं, पण वेगळ्या पद्धतीने. रात्रीच्या जेवणाला तिने गौरांगपुढे सुधारित प्रस्ताव मांडला: हिरव्या रकान्यात दर महिन्याला एक शनिवार पॅरिस. नाहीतर किमान स्वित्झर्लंडची सीमा, लांबून. गौरांग म्हणाला, वीज मंडळाचे अधिकारी आहेत, सुरुवातीला कमी बोल. तिने शनिवारऐवजी अर्धा शनिवार लिहिला. कारणाचा रकाना मात्र दोघांनाही भरता आला नाही. गौरांगने 'हवापालट' सुचवलं. पण हवा तिकडेच चांगली होती.

हा प्रस्ताव जायच्या आतच किटाचा फोन आला. एक कुटुंब अचानक बर्लिनला गेलं होतं आणि पुढची फुली वेळेवर जन्माला आली नव्हती. ओवीला जागा मिळाली.

सुकन्येने आनंदाने तोच फोन नॉम पेन्हला लावला. "आई, प्रश्नच मिटला! किटा मिळाला! आता तुम्ही यायला नको!"

"म्हणजे... यायलाच नको?"

"अजिबात नको! तुम्ही एंजॉय करा!"

मनोरमाबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. ओवीला सांग, आजीने..." पण तेवढ्यात ओवीने वाटी पालथी केली आणि सुकन्येने "आई, करते हं परत" म्हणून फोन ठेवला. गौरांगने तिकिटं बघणं थांबवलं, एक्सेल बंद केला. 'फाइल जतन करायची का?' असं मशीनने विचारलं. त्याने 'नाही' म्हटलं.

परत करायचं राहिलं. किटात ओवी रुळली, मोठ्या ठसक्यात 'नाइन', म्हणजे नाही, म्हणायला लागली. सकाळी डबा, संध्याकाळी धावपळ. आणि मग किटात जे प्रत्येक मुलाचं होतं ते ओवीचं झालं. फ्राउ बॉयर्लेंचा ऑफिसात फोन आला: ताप आहे, ताबडतोब घेऊन जा, पूर्ण उतरून दोन दिवस झाल्याशिवाय आणू नका. जागा तुमचीच आहे, फक्त मूल आणू नका.

सुकन्येची त्या दिवशी मोठी मीटिंग होती. बदली मुलगी अजून गेलेली नव्हती, शेजारच्या टेबलावर सरकली होती. ओवीला कडेवर घेऊन सुकन्येने नॉम पेन्हला फोन लावला. फोन वाजला. वाजत राहिला. तिने परत लावला. संध्याकाळी लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. तापलेली ओवी फोनच्या पडद्याला हात लावून "आजी" म्हणाली. हा एकच शब्द ती जर्मनमध्ये म्हणत नसे.

"गौरांग, तू शेवटचं कधी बोललास?"

"मी? मला वाटलं तू बोलतेस."

खोली ज्या संकेतस्थळावरून घेतली होती, तिथे बुकिंग केव्हाच संपलेलं दिसत होतं. मग सुकन्येला आठवलं आणि तिने हुश्श केलं. शमिका! अर्ज तिचाच आधीचा होता. जागा तिलाच मिळाली असणार.

शमिकाने पहिल्या रिंगला उचलला. "वहिनी! बरं झालं फोन केलात. मीच करणार होते. जरा आईला द्या ना."

"आईंना?" सुकन्या म्हणाली. "अगं, तूच दे."

तिथे जुळ्यांपैकी एक रडत होतं, इथे ओवी.

"दादाने तिकिटं बघितलीत असं बाबा म्हणाले होते," शमिका सावकाश म्हणाली. "म्हणून मला वाटलं, ते तुमच्याकडे पोचले. मी म्हटलं, असू दे, रमले असतील नातीत. फोन नाही म्हणजे कामात असतील."

सुकन्येने ग्रुपवर विचारलं. अरुंधती म्हणाली, आमचे नणंदेकडे आहेत. बर्लिनची म्हणाली, आमचे भावाकडे. सगळ्याजणींचे कुणाकडे ना कुणाकडे होते. नणंदांना आणि भावांना विचारल्यावर कळलं की त्यांच्या मते ते इकडेच, जर्मनीत, आहेत.

मनोरमाबाईंचा व्हॉट्सॲपवरचा फोटो तेवढा बदलला होता. त्यात कुठलातरी समुद्र होता, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या कडा होत्या, आणि पाण्याकडे पसरलेले चार पाय. गौरांगने फोटो मोठा करून पाहिला, टीव्हीवर लावूनही पाहिला. समुद्र कोणत्या देशाचा आहे ते पायांवरून कळेना.

म्हणून सुकन्येची वाचकांना विनंती आहे. तुम्ही त्या बाजूला फिरायला जाणार असाल, स्वस्त आहे म्हणून जालच, तर समुद्रकाठी जरा लक्ष ठेवा. बाईंच्या पायांत जोडवी आहेत. गृहस्थांनी वाळूतसुद्धा सँडलमध्ये पायमोजे घातले आहेत. दिसले तर जवळ जा आणि बरे आहेत ना, एवढं बघा. ओवीला ताप आहे हे सांगू नका, उगाच धावत येतील. नाही, सांगाच. आणि कारण विचारलं तर सांगा, सुकन्या लिहितेय, तिला सुचेल.

निघण्याआधी एक फोन स्वतःच्या घरीही करा. तुम्ही म्हणाल, आमचे व्यवस्थित आहेत, बहिणीकडे असतात.

बहिणीला विचारलंत?